करजणपलीकडचा आमचा बुरूज

आमच्या मालकीचं काय काय आहे, असं लहानपणी मला कुणी विचारलं असतं तर मी बेधडक सांगितलं असतं : एक शिलाई मशीन, एक सायकल आणि एक बुरूज. रावपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्या भाड्याच्या होत्या, म्हणून त्या यादीत येत नव्हत्या. बुरूज मात्र आमचा होता. तो करजणच्या पलीकडे, एका लहानशा गावाबाहेरच्या टेकाडावर उभा होता. चौकोनी, दोन-अडीच मजली, मोठाल्या चपट्या विटांचा. एक बाजू पूर्ण ढासळलेली, माथ्यावर पिंपळ उगवलेला, आणि आत शिरलं की वटवाघळांचा वास नाकात बसायचा तो बडोद्याला परत येईपर्यंत. त्याला ना दरवाजा होता ना छप्पर. गावातले लोक त्याला ‘कोठो’ म्हणत आणि त्याच्या सावलीत म्हशी बांधत. तरी तो आमचा होता, कारण बाबा तसं सांगत, आणि त्या वयात बाबांच्या शब्दापुढे सातबाराची काय पत्रास!

बाबा गाड्यांच्या नंबर प्लेटी आणि दुकानांच्या पाट्या रंगवत. खाली रस्त्याकडेला एका ओट्यावर त्यांची बैठक होती. दिवसभर स्कूटरी येऊन उभ्या राहत, बाबा फूटपट्टी न लावता आकडे काढत, आणि रॉकेलच्या डब्यात ब्रश खळखळवल्याचा आवाज वर आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येई. त्या आवाजावरून आईला कळायचं, की आता काम संपलं, पोळ्या टाकायला हरकत नाही. टर्पेंटाइनचा वास त्यांच्या हातांतून कधी गेला नाही. आई म्हणायची, “तुमच्या हातचं पाणी प्यायलं तरी पोटात रंगकाम होतं.” आई साताऱ्याकडची. बडोद्याच्या मराठीला आणि बडोद्याच्या गोड आमटीला तिनं मनापासून कधीच माफ केलं नाही. आमटीत गूळ मात्र वर्षागणिक वाढत गेला, आणि तो कोण टाकत होतं हे आम्ही तिला कधी विचारलं नाही. बुरुजाबद्दलही तिला फारसा आदर नव्हता. पावसाळ्यात वरच्या मजल्याचं पाणी आमच्या खोलीत गळू लागलं, की ती बादली लावता लावता म्हणायची, “आपला बुरूज आहे ना? चला, तिथं राहायला जाऊ.” बाबा म्हणत, “तुला कदर नथी.” आणि गळक्या जागेखाली दुसरी बादली सरकवत.

बाबांच्या पणजोबांचे आजोबा सुभानजी जमादार. त्यांनी मूठभर माणसांनिशी तो बुरूज अकरा दिवस लढवला, शत्रूची तोफ लागून एक भिंत पडली तरी हटले नाहीत, ही आमच्या घराची कथा. शत्रू कोण हे कथेत नव्हतं. मी एकदा विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, “होता कोणीतरी. शत्रूशिवाय लढाई थाय कशी?” मला ते पटलं. ज्या घरात पुरुष जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे आकडे रंगवतो, त्या घराला अकरा दिवसांची एक लढाई फार पुरते, हे आज कळतं. आम्ही तिच्यावर पिढ्यानपिढ्या ताठ मानेनं जगलो, यात मला हसण्यासारखं काही दिसत नाही. म्हणजे थोडं दिसतं, पण ते प्रेमाचं आहे.

दर दसऱ्याला आम्ही बुरुजाच्या पूजेला जात असू. सकाळी सगळं बडोदं फाफडा-जलेबीच्या रांगेत उभं असताना आमच्याकडे पुरण वाटलं जायचं. पुरणपोळ्यांचा डबा, आपट्याची पानं, झेंडूची माळ, कुंकू आणि सुभानजींची तलवार. ही तलवार बाबा जुन्या चादरीत गुंडाळून एस.टी.त नेत. एका वर्षी कंडक्टरनं विचारलं, “काका, आ शुं छे?” बाबा गंभीरपणे म्हणाले, “छत्री.” कंडक्टरनं चादरीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “तमारी छत्री तो वांकी वळी गई छे.” सगळी गाडी हसली, आई खिडकीबाहेर बघत राहिली. करजणला उतरून पुढे बैलगाडी मिळाली तर बैलगाडी, नाहीतर काळ्या मातीतून, कपाशीच्या आणि तुरीच्या शेतांमधून पायी.

गावात शिरल्यावर सरळ बुरुजावर जायचं नाही, असा नियम होता. टेकाडाच्या पायथ्याशी मोंघीबाचं घर. मोंघीबा गरासियांच्या घरातली म्हातारी, गावच्या जुन्या जमीनदार घराण्यातली. आता जमीन थोडी आणि म्हशी दोन, पण डोक्यावरचा पदर कधी खाली आला नाही. आम्ही अंगणात आलो की ती पाट मांडायची, आणि प्रत्येकाच्या हातावर बाजरीच्या ताज्या रोटल्याचा तुकडा, त्यावर चिमूटभर मीठ आणि वाटीत ताक द्यायची. ते खाल्ल्याशिवाय टेकाडावर पाऊल टाकायचं नाही. बाबा हे सगळं मोठ्या रुबाबात स्वीकारत. वर चढताना मला म्हणत, “पाहिलंस? अजून मान देतात. किल्लेदाराच्या वंशजांना गाव विसरलं नाही.” मग पडलेल्या भिंतीच्या कडेला कुंकू लावत, माळ घालत, तलवार टेकवत आणि आपट्याची पानं कोनाड्यात ठेवून आम्हांला नमस्कार करायला लावत. खाली आलं की मोंघीबाकडे वांग्याचं भरीत आणि आमच्या पुरणपोळ्या, अशी पंगत. तिच्या चुलीवरच्या भरिताची चव माझ्या जिभेवर अजून आहे, आणि मी आजवर शेकडो वांगी भाजली, तसं एकदाही झालं नाही.

मी पंधरा वर्षांची असताना बाबांच्या मनात आलं, की बुरुजावर संगमरवराची एक तक्ती बसवायची. ‘या बुरुजाचे रक्षक सुभानजी जमादार’ अशी अक्षरं बाबा स्वतः आखणार, पाथरवट कोरणार, आणि वर बुरुजाचं छोटं चित्र. चित्र मी काढायचं, कारण माझा हात चांगला आहे असं शाळेत म्हणत. बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांची नावं रंगवली होती. आपल्या घरचं एक नाव दगडावर असावं, एवढीच त्यांची हौस. त्या हौसेत ते इतके खूश होते, की पेट्रोलच्या टाकीवर नाव लिहून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी फुकट गुलाबही काढून दिला. नवरात्राच्या सुट्टीत ते मला मोंघीबाकडे सोडून गेले. चार दिवस राहून चित्र काढायचं, दसऱ्याला ते तक्ती घेऊन येणार, आणि चित्राची जागा मग तिथंच कोरून घेणार.

ते चार दिवस मला अजून जसेच्या तसे आठवतात. पहाटे घंटीचा, म्हणजे जात्याचा आवाज, मग रोटला थापल्याचा. मोंघीबा दोन तळव्यांमध्येच रोटला घडवायची, पोळपाट नाही. टप् टप् टप्, आणि तो आवाज थांबला की तव्यावर पडलाच. मला तो जमेना. माझे रोटले कडेनं फाटत, ती ते म्हशीला घालून म्हणायची, “भेंस पण भणेली थई जशे.” म्हणजे शिकलेल्या मुलीच्या हातचं खाऊन म्हैसही शिकून जाईल. सकाळी न्याहारी झाली की मी वही-पेन्सिल घेऊन टेकाडावर जायची आणि दुपारी ताक घेऊन ती माझ्याजवळ येऊन बसायची. तिला चित्र कळत नव्हतं असं ती म्हणायची, पण पिंपळाची एक फांदी मी विसरले होते ती तिनंच दाखवली.

चित्र काढायला बसलं की नजरेला खोटं चालत नाही. एरवी मी त्या भिंतीला दहा-बारा वर्षं नमस्कार केला होता, पण पाहिली नव्हती. आता एकेक वीट काढायची म्हणून पाहू लागले, तर काहीतरी जुळेना. तोफेचा गोळा बाहेरून लागला, तर विटा आत पडायला हव्यात. त्या सगळ्या बाहेर, उतारावर पडल्या होत्या. आणि जमिनीलगत उरलेल्या भिंतीत दर दोन हातांवर एक भोक होतं. सारख्या मापाचं, आतून काळं. बोट घातलं तर काजळी निघाली. जवळच विटांवर पहारीचे तिरके घाव होते, लाकूड तासताना पडतात तसे एका बाजूने. मी मोंघीबाला विचारलं, “बा, इथं आग लागली होती का?”

तिनं ताकाचा लोटा खाली ठेवला. मग म्हणाली, “लागी न्होती, बेटा. लगाडी’ती.” लागली नव्हती, लावली होती. आणि तिनं मला समजावलं, भिंत कशी पाडतात ते. तळाशी खणत जायचं, खणलं तिथं लाकडाचे टेकू द्यायचे, भिंत नुसत्या टेकूंवर उभी राहिली की टेकू पेटवायचे. लाकूड जळतं आणि भिंत आपणहून आडवी होते. मी विचारलं, कोणी पाडली. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “तमारा वडवाए.”

सुभानजी जमादार हा कोठा लढवायला नव्हे, पाडायला आले होते. कोठा मोंघीबाच्या सासरचा, कित्येक पिढ्यांपूर्वी त्यांनीच बांधलेला. गरासियांनी कसला तरी वसूल द्यायचं नाकारलं, हरले, पुरुष पकडून नेले, आणि हुकूम झाला, की यांचा कोठा चारही बाजूंनी जमीनदोस्त करा. सुभानजी पहारी घेऊन माणसांसह आले. अकरा दिवस खणत होते. अकरा दिवस बरोबर होते, तेवढं आमच्या कथेत खरं उतरलं होतं. अकराव्या दिवशी पहिली भिंत पडली, गावावर धुरळा बसला, आणि सुभानजी तोंड धुवायला पाणी मागायला पायथ्याच्या घराच्या अंगणात जाऊन बसले. घरात गरासियांची तरणी सून एकटी. तिला माहीत होतं हा कोण ते. पण अंगणात बसलेला माणूस उपाशी होता. तिनं रोटला, मीठ आणि ताक आणून पुढे ठेवलं. त्यांनी खाल्लं, आणि मग विचारलं, हे घर कोणाचं. तिनं टेकाडाकडे बोट दाखवलं.

“पछी?” मी विचारलं.

“पछी शुं! मीठुं खाधुं ने!” मोंघीबा म्हणाली. ज्या घरचं मीठ खाल्लं त्या घराची भिंत कशी पाडायची? सुभानजींनी पहारी गोळा केल्या आणि कोठा पाडला असं वर कळवून टाकलं. पुढच्या दसऱ्याला ते एकटेच आले, पुरणपोळ्या आणि आपट्याची पानं घेऊन, त्याच अंगणात रोटला खायला. मग त्यांचा मुलगा आला, मग नातू. आमच्या घरात पुढे कुणी तरी पहारीची तलवार करून टाकली. मोंघीबाच्या घरात मात्र प्रत्येक सुनेला सासूनं खरं तेच सांगितलं, आणि दसऱ्याचा रोटला कसा द्यायचा तेही.

मला आधी शरम वाटली, मग राग आला. म्हटलं, “बा, आम्ही दर वर्षी तुमच्या अंगणात फुशारक्या मारतो. तुम्ही सांगितलं का नाही?” तिनं पदर तोंडाला लावला. “मेमानने मोढे एवुं कहेवाय?” पाहुण्याच्या तोंडावर असं बोलतात का? मग जे तिला खरं वाटत होतं ते बोलली : “तारा बापाने ना कहेती. ए जाणशे तो आवशे नहीं.” बापाला सांगू नकोस, त्याला कळलं तर तो येणार नाही. मी तक्तीचं सांगितलं, तिच्यावर काय कोरलंय तेही सांगितलं. ‘रक्षक’ हा शब्द तिला तसाच कळला. ती हसली आणि म्हणाली, लावू दे की, दगडाला काय कळतं.

मी तिला हो म्हटलं आणि शब्द पाळला नाही. या गोष्टीत मी केलेला एकमेव गुन्हा तो, आणि आज सत्तरी ओलांडल्यावरही तो केला म्हणून वाईट वाटतं आणि केला म्हणून बरंही वाटतं. दसऱ्याच्या सकाळी बाबा भाड्याच्या टेंपोतून तक्ती घेऊन आले. गोणपाटात गुंडाळलेली, अक्षरांत काळा रंग स्वतः भरलेली, इतकी सुंदर अक्षरं त्यांनी आधी कधी काढली नव्हती. गावातल्या दोघांनी सिमेंट कालवायला घेतलं. माझ्या डोळ्यांपुढे आलं, की उद्यापासून मोंघीबा रोज सकाळी त्या नावाखालून म्हशी सोडणार. मी बाबांना बाजूला घेतलं, भिंतीजवळ नेलं, भोकात बोट घालायला लावलं आणि सगळं सांगून टाकलं.

बाबांनी आधी मला झापलं. लहान तोंडी मोठा घास, चार दिवसांत इतिहास शिकलीस, वगैरे. मग काजळी लागलेलं बोट बघत उभे राहिले. हा माणूस जन्मभर ब्रश आणि फूटपट्टीच्या मापानं जगला होता. सारख्या अंतरावरची सारखी भोकं त्याला माझ्याआधी वाचता आली असणार. ते खाली गेले, मोंघीबाला एवढंच विचारलं, हे खरं का : “साचुं?” ती रडवेली होऊन माझ्याकडे बघत म्हणाली, “लगाडो ने भाई. तमने गमे छे तो लगाडो.” लावा ना, तुम्हाला आवडतं तर लावा. बाबांनी टेंपोवाल्याला हाक मारली, तक्ती परत चढवली, आणि आम्ही निघालो. पुरणपोळ्यांचा डबा तसाच भरलेला राहिला. मोंघीबा अंगणाच्या टोकापर्यंत आली आणि तिथंच उभी राहिली. तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही, त्यामुळे मला रडूही येईना.

ती तक्ती आज माझ्या तरसालीच्या घरात ओट्यावर आहे, अक्षरं खाली आणि गुळगुळीत बाजू वर. तिच्यावर पोळ्या फार छान लाटल्या जातात. नातू मला म्हणतो, आजी, तुझा बुरूज नकाशात कुठे सापडत नाही. मी म्हणते, न सापडू दे. सापडला तर लोक तिकीट लावतील.

ते वर्ष घरात वाईट गेलं. बाबा बोलत होते, कामही करत होते, पण बुरुजाचं नाव कुणी काढायचं नाही. तलवार माळ्यावर गेली. रॉकेलच्या डब्याचा आवाज उशिरापर्यंत येत नसे आणि आईच्या पोळ्या थंड होत. नवरात्र आलं तशी मी दिवस मोजू लागले. मोंघीबा म्हणाली होती तसंच होणार होतं. सहा पिढ्यांचं येणं-जाणं माझ्या एका तोंडानं संपणार होतं, आणि तिच्या अंगणात त्या दिवशी पाट मांडलेले रिकामे राहणार होते.

दसऱ्याच्या सकाळी मी उठले तर घरभर पुरणाचा वास. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. आईनं डबा भरला, झाकण दाबलं, आपट्याची पानं पिशवीत टाकली आणि पदर खोचत म्हणाली, “मी पोळ्या केल्यात. तुम्हाला यायचं नसेल तर बसा. मी आणि शालू जातोय. त्या बाईनं रोटले घडवले असतील.” त्या बुरुजाची उभ्या जन्मात जिनं थट्टाच केली, ती माझी आई. तिच्या ऋणात मी कशाकशासाठी आहे, पण या एका वाक्यासाठी सगळ्यांत जास्त. बाबांनी उठून सदरा घातला, पिशवी आईच्या हातातून घेतली आणि म्हणाले, “चला, बस चुकेल.” तलवार त्यांनी मागितली नाही.

मोंघीबाच्या अंगणात पाट मांडलेले होते, पाच, नेहमीसारखे जास्तीचे दोन धरून. ती ताटलीत रोटला घेऊन दारात आली आणि आम्हांला बघून तिथंच थबकली. तिचे मुलगे, शेजारचे, म्हशी धुणारी माणसं, सगळे बघत होते. बाबा पाटावर बसले नाहीत. अंगणाच्या मधोमध उभे राहून त्यांनी हात जोडले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मोंघीबा, अमारा माणसे तमारी भींत पाडी.”

मोंघीबानं डोक्यावरचा पदर सावरला, रोटल्याचा तुकडा मोडून त्यावर मीठ घातलं, आणि बाबांच्या जोडलेल्या हातांत तो खुपसत जवळजवळ रागावूनच म्हणाली, “एक ज पाडी ने, भाई! त्रण तो राखी!” एकच पाडली ना, तीन तर राखल्या!